मूल उशिरा बोलतंय? आईबापांना पडणारे प्रश्न

माझा लेक सव्वादोन वर्षांचा झाला तेव्हा त्याच्याकडे मोजून सात शब्द होते, आणि त्यातले दोन गाड्यांचे आवाज. पुढच्या दीड वर्षात मला पडलेले आणि नंतर इतर आईबापांनी मला विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही, थेरपिस्टही नाही. दवाखान्याबाहेरच्या बाकावर बराच काळ बसलेला एक बाप आहे. तेव्हा हे वाचून तपासणी टाळू नका. तपासणीला गेल्यावर काय विचारायचं, तेवढं यातून घ्या.

कोणत्या वयात किती बोलायला हवं?

सहा ते नऊ महिन्यांच्या आसपास ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी बडबड सुरू होते. वर्षाच्या सुमारास मूल नावाला वळतं, हात हलवून टाटा करतं, हवं ते बोटाने दाखवू लागतं आणि एखादा शब्द येतो. दीड वर्षाला निदान हाताच्या बोटांवर मोजण्याइतके शब्द हवेत. दोन वर्षांना साधारण ५० शब्द आणि दोन शब्दांची जोडी: ‘बाबा ये’, ‘गाडी गेली’. तीन वर्षांना छोटी वाक्यं, आणि परक्या माणसाला त्यातलं पाऊण तरी कळावं.

हेच ५० शब्द काही ठिकाणी ३० महिन्यांसमोर लिहिलेले दिसतील. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने, कोणत्या वयात मूल काय करतं याची आपली यादी २०२२ मध्ये बदलली. एखादी गोष्ट ७५ टक्के किंवा त्याहून जास्त मुलं ज्या वयात करतात, त्या वयासमोर ती लिहायची असं त्यांनी ठरवलं. म्हणजे तो आकडा सरासरीचा नाही, मागच्या रांगेचा आहे. मूल त्या यादीतही मागे पडत असेल तर ‘अजून लहान आहे’ म्हणायला फारशी जागा उरत नाही.

शब्द म्हणजे नेमकं काय धरायचं? त्याचं ‘पा’ शब्द आहे का?

पाणी हवं असताना दरवेळी ‘पा’च म्हणत असेल, तर तो शब्द. ‘भूभू’ शब्द, ‘भुर्र’ शब्द, ‘काऊ’ही शब्द. उच्चार पक्का असण्याची अट नाही. आवाज तोच, अर्थ तोच, आणि कुणी ‘म्हण’ न सांगता स्वतःहून आलेला असावा. घरात दोन भाषा असतील तर दोन्हींतले शब्द मिळून मोजा. उलट एक ते वीस अंक किंवा आख्खं गाणं घडाघडा म्हणणारं मूल त्यातला एकही शब्द काही मागायला वापरत नसेल, तर ते पाठांतर झालं. ते शब्दांच्या यादीत धरू नका.

फ्रिजवर एक कागद लावा आणि नवा शब्द आला की तारखेसकट लिहा. आमच्या कागदावर दोन महिने एकच ओळ होती. तो कागद बघवत नसे. पण पहिल्या तपासणीत थेरपिस्टने सगळ्यात जास्त वेळ त्याच्याकडेच पाहिलं.

सगळे म्हणतात, ‘थांबा, बोलेल.’ थांबू का?

हा प्रश्न विचारला नाही असे पालक मला भेटलेले नाहीत, म्हणून जरा सविस्तर.

‘थांबा’ म्हणणारे खोटं बोलत नसतात. दोन वर्षांच्या मुलांत दहातलं एखादं तरी उशिरा बोलणारं असतं, आणि ज्यांना बाकी काही अडचण नाही अशांपैकी अर्ध्याहून जास्त मुलं तीन-चार वर्षांपर्यंत इतरांना गाठतात. शेजारच्या काकूंचा मुलगा असाच तीन वर्षांनी एकदम बोलायला लागला असेल, तर ते खरंच घडलेलं असणार. अडचण एवढीच की आपलं मूल गाठणाऱ्यांतलं आहे की न गाठणाऱ्यांतलं, हे दोन वर्षांच्या वयात कुणालाच खात्रीने सांगता येत नाही. काकूंनाही नाही आणि डॉक्टरांनाही नाही.

काही खुणांवरून अंदाज मात्र बांधता येतो. समज चांगली असेल, मूल हातवारे भरपूर करत असेल, वेगवेगळे आवाज काढत असेल, बाहुलीला झोपवण्यासारखे खोटे खोटे खेळ खेळत असेल, तर आशा जास्त. समजही कमी, हातवारेही कमी, आवाज दोन-तीनच, घरात आणखी कुणाला बोलण्याची किंवा वाचण्याची अडचण, असं असेल तर काळजीचं कारण जास्त.

तपासणी करून घेतली आणि सगळं ठीक निघालं तर तुमची एक सकाळ गेली. न करता थांबलात आणि ऐकण्यातच दोष निघाला, तर गेलेलं वर्ष परत येत नाही. आम्ही पाच महिने थांबलो. मूल बोलायची वाट नक्की बघायची असते, पण ती दहा सेकंद. कशी, ते पुढे लिहिलं आहे. सहा-सहा महिन्यांची वाट तज्ज्ञाला दाखवल्यावर, त्याच्या सांगण्यावरून बघावी.

आणि हो, आइन्स्टाइन. तो उशिरा बोलला हे घरच्यांच्या आठवणींत आहे, आणि त्याच्या आईवडिलांनी काळजीने डॉक्टरांचा सल्ला घेतला होता, हेही. दुसरा भाग आपल्याला कुणी सांगत नाही.

त्याला सगळं कळतं, फक्त बोलत नाही. मग काय अडचण?

कळत असेल तर फार चांगलं. पण ते एकदा नीट पडताळून बघा, कारण यात आपणच फसतो. मी छातीठोकपणे सांगायचो, ‘चप्पल आण म्हटलं की आणतो.’ थेरपिस्टने विचारलं, कधी म्हणता? तेव्हा लक्षात आलं: मी दारात, खांद्याला पिशवी, हातात किल्ली आणि नजर चपलांकडे. त्या क्षणी मी कुठलाही शब्द उच्चारला असता तरी त्याने चप्पलच आणली असती.

घरी असं करून बघा. जमिनीवर निवांत बसा, हात मांडीवर ठेवा, नजर मुलाच्या चेहऱ्यावर. मग नेहमीच्या क्रमात न बसणारं काहीतरी सांगा: ‘पलंगावरची टोपी आण.’ दीड-पावणेदोन वर्षांच्या मुलाला बोट न दाखवता एक साधी सूचना कळायला हवी, दोन वर्षांनंतर दोन टप्प्यांची. समजच मागे असेल, तर ती नुसतं न बोलण्यापेक्षा गंभीर बाब आहे आणि तपासणी लवकर व्हायला हवी.

हाक मारली की वळतो. तरी कानाची तपासणी कशाला?

कारण तो हाकेला वळतो की सावलीला, पावलांच्या हादऱ्याला की दाराच्या आवाजाला, हे घरी कळत नाही. काही मुलांना जाड, खालच्या पट्टीतले आवाज ऐकू येतात आणि स, श, फ यांसारखे बारीक आवाज निसटतात. अशा मुलाला गाडी ऐकू येते, हाक ऐकू येते, पण शब्द अर्धवट पोचतात. काहींच्या कानाच्या पडद्यामागे सर्दीनंतर चिकट द्रव साठून राहतो. याला ग्लू इअर म्हणतात. दुखत नाही, वाहत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. काही आठवडे मूल जणू कानात बोटं घालून वावरत असतं.

हजार बाळांत साधारण एक ते तीन बाळं ऐकण्याचा कायमचा दोष घेऊन जन्माला येतात. जन्मावेळची चाचणी ठीक आली असली तरी दोष नंतरही उद्भवू शकतो. म्हणून बोलायला उशीर होत असेल तर ऐकण्याची तपासणी आधी, बाकी सगळं नंतर. यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

चाचण्या दुखऱ्या नसतात. ओएईमध्ये कानात छोटा प्रोब ठेवतात, काही मिनिटांचं काम. बेरा चाचणीत डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात. त्यासाठी मूल झोपलेलं लागतं. आदल्या रात्री थोडं जागवा आणि गाडीत झोपू देऊ नका. आमचा दारात पोचेपर्यंत घोरत होता आणि आत गेल्यावर टक्क जागा.

कुणाकडे जायचं?

आधी बालरोगतज्ज्ञ, ऐकण्यासाठी ऑडिओलॉजिस्ट, बोलण्याभाषेसाठी स्पीच थेरपिस्ट. वेळ उशिराची मिळत असेल तर ती आजच घेऊन ठेवा. मूल मधेच बोलायला लागलं तर रद्द करता येते. जाताना घरच्या खेळाचे दोन-तीन व्हिडिओ न्या. परक्या खोलीत मूल हमखास मूग गिळून बसतं.

हा ऑटिझम तर नाही ना?

रात्री दोन वाजता फोनवर शोधलेला प्रश्न, खरं ना?

नुसतं उशिरा बोलणं म्हणजे ऑटिझम नव्हे. बघायचं ते हे, की शब्दांशिवाय मूल तुमच्याशी किती जोडलेलं आहे. विमान दिसलं तर बोट दाखवून तुमच्याकडे वळून बघतं का, ‘तूही बघ’ अशा नजरेने? हवी असलेली वस्तू मिळवण्यासाठी बोट दाखवणं वेगळं आणि नुसती गंमत वाटून घेण्यासाठी दाखवणं वेगळं. हे दुसरं जास्त महत्त्वाचं. तुम्ही बोट दाखवलं तिकडे बघतं का? तुमची नक्कल करतं का? नावाला प्रतिसाद देतं का? बोलायला उशीर झालेलं मूल सहसा शब्दांची उणीव हातांनी, चेहऱ्याने, ओढाताण करून भरून काढतं. ती धडपडच दिसत नसेल, मूल तुमचा हात एखाद्या हत्यारासारखा वस्तूवर नेऊन ठेवत असेल, एकाच प्रकारच्या हालचालीत किंवा खेळात तासन्‌तास गुंतत असेल, तर विकासाची सविस्तर तपासणी करून घ्या.

१६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची २० प्रश्नांची चाळणी असते. ती फक्त चाळणी आहे. त्यात अडकलेल्या प्रत्येक मुलाला ऑटिझम असतो असं नाही, आणि निदान प्रश्नावलीवरून होत नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याही वयात थांबण्याची नाही: आलेले शब्द, हातवारे किंवा नजर देणं हरवणं. पूर्वी बोलत होता आणि आता बोलत नाही, असं असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

मोबाईलमुळे झालं का?

आजूबाजूच्या लोकांनी निकाल आधीच दिलेला असतो. खरं उत्तर थोडं गुंतागुंतीचं आहे. पडद्याने ऐकण्याचा दोष येत नाही किंवा ऑटिझम होत नाही. पण भाषा येते ती देवाणघेवाणीतून. मूल ‘आ’ करतं, आपण ‘हो का? काय दिसलं?’ म्हणतो, ते पुन्हा ‘आ’ करतं. पडदा या फेऱ्या खातो. तो मुलाच्या ‘आ’ला उत्तर देत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचना अशा: एक वर्षाच्या मुलाला बसून पडदा बघायला देऊ नये, दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि तोही कमी केलात तर बरं. आजीशी व्हिडिओ कॉल ही वेगळी गोष्ट, पलीकडे माणूस आहे. पार्श्वभूमीला चालू राहणारा टीव्हीसुद्धा बंद करा. तो मुलापेक्षा आपलं बोलणं जास्त कमी करतो. आमच्याकडे लेकाच्या हातचा फोन काढणं सोपं गेलं. माझ्या हातचा काढायला वेळ लागला.

घरात दोन भाषा बोलतो. एक बंद करू?

नको. दोन भाषांमुळे बोलायला उशीर होतो हा समज चुकीचा आहे. दोन भाषांत वाढणारं मूल दोन्हींची सरमिसळ करतं, आणि ती मोठी माणसंही करतात. ज्या भाषेत तुम्हाला चिडवता येतं, लाड करता येतात, गोष्ट रंगवता येते तीच बोला. अडखळत परकी भाषा बोलणारे आईबाप मुलाशी कमी बोलतात.

जिभेखालचा पडदा कापला तर बोलेल का?

जिभेखालचा हा पडदा आखूड किंवा घट्ट असणं म्हणजे टंग-टाय. त्यामुळे बाळाला अंगावर पिताना त्रास होऊ शकतो, पुढे काही थोड्या आवाजांच्या उच्चारातही अडचण येऊ शकते. पण शब्दच न येणं, वाक्य न बनणं त्याने होत नाही. भाषा जिभेच्या टोकावर तयार होत नाही. आधी स्पीच थेरपिस्टचं मत घ्या, मग कात्रीचं बघू.

मुलगे उशिराच बोलतात ना?

सरासरीने किंचित, महिना-दोन महिन्यांनी. वर्षभराच्या उशिराला हे कारण पुरत नाही.

घरी काय करायचं?

पहिलं म्हणजे ‘म्हण’ हा शब्द घरातून हद्दपार करा. ‘म्हण बॉल. बॉल म्हण. म्हण ना!’ ही परीक्षा असते, आणि नापास होण्याचा कंटाळा दोन वर्षांच्या जिवालाही येतो. ‘हे काय? तो कोण? रंग कुठला?’ ही सरबत्तीही कमी करा. प्रश्न विचारण्याऐवजी सांगा.

मूल ज्यात रमलं आहे त्यातच शिरा. ते मोजा ओढत असेल तर तुम्ही रंगीत कार्डं पुढे करू नका. मोज्यावर बोला: ‘मोजा. ओढ, ओढ... निघाला! मोजा निघाला.’ वाक्यं छोटी, पण खरी. ते एक शब्द बोलत असेल तर तुम्ही दोन-तीन शब्दांत बोला. ते ‘गाडी’ म्हणालं की ‘हो, मोठी गाडी’, ‘गाडी गेली’ असं एक पाऊल पुढचं द्या. चूक दुरुस्त करायची नाही. बरोबर रूप सहज कानावर पडू द्यायचं. ‘ताती’ म्हणाला तर ‘हो, काकी आली!’

आता ते दहा सेकंद. साबणाचे फुगे उडवायचे, चार-पाच उडवून झाले की बाटलीचं झाकण घट्ट लावून मुलाच्या हातात द्यायची. आणि गप्प बसायचं. भुवया उंचावून, चेहऱ्यावर उत्सुकता ठेवून, मनात दहा मोजत. मी पहिल्यांदा केलं तेव्हा चारालाच माझ्या तोंडून ‘उघडू का?’ निसटलं. आपल्याला शांतता सहनच होत नाही. तिसऱ्या दिवशी सातपर्यंत पोचलो. लेकाने बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बाटली माझ्या पोटावर दाबली आणि ‘उ’ म्हणाला. ‘उघड! उघडतो’ म्हणून मी लगेच झाकण काढलं. तो ‘उ’ फ्रिजवरच्या कागदावर गेला.

बाटली पोटावर दाबणं हेसुद्धा उत्तर आहे. नजर, बोट, आवाज, जे येईल ते स्वीकारा आणि वस्तू द्या. शब्द आल्याशिवाय पाणी द्यायचं नाही, असलं काही करू नका. थोडं थांबणं वेगळं, अडवून धरणं वेगळं.

गाण्याची ओळ म्हणता म्हणता शेवटच्या शब्दाआधी थांबा. दोन वस्तू दाखवून ‘लाल की निळा?’ विचारा. आवडती वस्तू दिसेल पण हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवा. चित्रांचं पुस्तक रोज तेच मागत असेल तर तेच वाचा. पाठ झालेल्या पानावर मूल आधी बोलतं. यासाठी वेगळा तास काढायची गरज नाही, आंघोळ आणि कपडे घालणं पुरे.

खुणा शिकवल्या तर बोलायचा आळस करेल का?

नाही. ‘अजून’, ‘दे’, ‘झालं’ अशा चार खुणा किंवा चित्रं दिल्याने बोलणं अडत नाही, उलट बऱ्याच मुलांना त्याचा आधार होतो. चावणं, डोकं आपटणं, जमिनीवर लोळणं हे पुष्कळदा ‘सांगता येत नाही’ याचंच रूप असतं. हातात खूण आली की आदळआपट कमी होते, हे मी घरात पाहिलं आहे. खूण करताना तोंडाने शब्दही म्हणा.

थेरपीत नुसतं खेळतात. मग जायचं कशाला?

एवढ्या लहान मुलाची थेरपी खेळाशिवाय होतच नाही. तुम्ही मात्र बाहेर फोन बघत बसू नका, आत बसायची परवानगी मागा. आठवड्यातला एखादा तास थेरपिस्टचा, उरलेले सगळे तुमचे. तो तास खरं तर तुम्हाला शिकवण्यासाठी आहे. ‘या आठवड्यात घरी काय करू?’ हे विचारल्याशिवाय निघू नका. पालकांना दाराबाहेर ठेवून फक्त फी घेणारी आणि ध्येय काय हे न सांगणारी जागा असेल, तर दुसरी शोधा. अमुक दिवसांत बोलता करू अशी हमी देणाऱ्यापासूनही दूर राहा.

किती दिवस लागतील, हे कारणावर अवलंबून. काहींना काही महिने, काहींना काही वर्षं.

शाळेत किंवा पाळणाघरात घातलं तर आपोआप बोलेल?

इतर मुलांत मिसळण्याचा फायदा होतो, पण तो उपचार नाही. गडबडीत गप्प मूल सहज विसरलं जातं. घालणार असाल तर तिथल्या ताईंना त्याच्या खुणा आणि अर्धे शब्द लिहून द्या: ‘पा म्हणजे पाणी, कान ओढला म्हणजे झोप.’

शब्द आले, पण बोबडे आहेत. आणि आता अडखळतोही.

‘काका’चं ‘ताता’ होणं साडेतीन-चार वर्षांपर्यंत चालतं. ‘र’ बऱ्याच मुलांना उशिरा जमतो. ‘ळ’ आणि ‘ण’च्या जागी ‘ल’ आणि ‘न’ येणं तर नित्याचं. चौथ्या वर्षीही परक्यांना बोलणं कळत नसेल, किंवा तोच शब्द दरवेळी वेगळाच निघत असेल, तर दाखवा.

दोन ते पाच वर्षांत वाक्यं वाढू लागली की पुष्कळ मुलं अडखळतात, आणि बहुतेकांचं ते जातं. ‘सावकाश बोल, श्वास घे’ म्हणू नका. तुम्हीच सावकाश बोला आणि वाक्य पुरं होईपर्यंत थांबा. काही महिने टिकलं, शब्द काढताना चेहरा ताणला जाऊ लागला किंवा मूल बोलणंच टाळू लागलं, तर थेरपिस्टला भेटा. घरात कुणी अडखळत असेल तर त्याआधीच.

नातेवाइकांना काय सांगू?

जितकं कमी तितकं बरं. ‘तपासणी झाली आहे, काम चालू आहे’ एवढं पुरतं. पण मुलासमोर ‘हा बोलत नाही’ असं कुणी म्हणालं तर तिथल्या तिथे विषय बदला. त्याला कळतं. ज्यांना मनापासून मदत करायची आहे अशा आजीआजोबांना फुग्यांची बाटली आणि दहा सेकंद शिकवा. आमच्याकडे आजोबा माझ्यापेक्षा चांगले थांबायचे.

आता वाक्यं बोलतो. सोडून द्यायचं का?

थेरपी थांबवायची की नाही ते थेरपिस्टशी बोलून ठरवा. उशिरा बोललेली काही मुलं शब्दांत इतरांना गाठतात, पण पुढे गोष्ट क्रमाने सांगणं, लांब सूचना लक्षात ठेवणं किंवा वाचायला शिकणं यात अडतात. काहींची अडचण टिकून राहते आणि ऐकणं, बुद्धी ठीक असूनही तिचं कारण सापडत नाही. तिला भाषाविकासाचा दोष म्हणतात, आणि तो शंभरात साधारण सात मुलांत आढळतो. म्हणून पाच वर्षांच्या आसपास एकदा पुन्हा तपासणी करून घ्या आणि शाळेतल्या शिक्षकांना पूर्वीचा इतिहास सांगून ठेवा.

आम्ही दोन्ही केलं. तपासणीत त्याला चित्रं दाखवून गोष्ट सांगायला सांगितली. तिसऱ्या चित्रावर तो थांबला, बराच वेळ. मी खुर्चीत पुढे सरकलो, थेरपिस्टने हाताने मला थांबवलं. मग तो म्हणाला, ‘यात कुत्र्याचा पट्टा कुठे गेला?’ चित्रकाराची चूक होती. आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आली नव्हती.